दुसऱ्या ओळीतलं नाव

न्युर्नबर्ग, रविवार

प्रिय रेवा,

अनेक आशीर्वाद. डब्लिनहून फोन केलास की तू विचारतेस, "आई, बाहेर पडलीस का?" तर काल पडले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. बांबेर्गला जाऊन आले, नेहमीसारखं पॅसेंजर गाडीचं, दिवसभराचं स्वस्त तिकीट काढून. एकादशी होती, म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी. जिन्यात शेजारच्या लिंडनरबाई भेटल्या. म्हणाल्या, "निघालीस एकदाची. मला वाटलं, तूही माझ्यासारखी खिडकीतली कुंडी झालीस."

या तिकिटावर प्रवाशांची नावं पेनानं लिहावी लागतात, आठवतं ना? बाबांचं अक्षर कुठल्याच तपासनिसाला लागायचं नाही, म्हणून ते काम माझं. उखाण्याखेरीज मी त्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही, पण तिकिटावर दर शनिवारी लिहीत आले. ते हसायचे, "माझं नाव घ्यायला तुला रेल्वेचं तिकीट लागतं."

काल पांढऱ्या मिशांचा तपासनीस आला. तिकीट पाहून म्हणाला, "आणि दुसरे गृहस्थ?" मी वाकून पाहिलं. यंत्रावर मी दोन माणसांचं बटण दाबलं होतं, जादाचे पैसे भरले होते, आणि दुसऱ्या ओळीत माझ्याच स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, अच्युत कानिटकर. पालेभाजीच्या जुडीवरून घासाघीस करणारी मी, आणि मला ते कळलंही नाही. समोरच्या रिकाम्या जागेवर डबा होता, वर दोन चमचे. त्यानं ते पाहिलं, तिकीट माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाला, "मग त्यांना खिडकीशी बसू द्या, बाई. पुढे नदी छान दिसते."

बांबेर्गच्या त्या मोठ्या चर्चमध्ये टेकले. बसायला पैसे पडत नाहीत म्हणून आम्ही नेहमी तिथेच टेकायचो. देव कुठलाही असो, एकादशी चुकवायची नाही, म्हणून विष्णुसहस्रनाम म्हटलं. त्यात बाबांचं नाव येतं, तिथे मी आजवर जीभ आवरत आले. काल आवरली नाही. मग पायऱ्यांवर डबा उघडला. "उपास तुझा, खिचडी माझी," म्हणत ते मोठा वाटा उचलायचे. काल अर्धी खिचडी तशीच परत आली. मी कधी अन्न टाकत नाही, तुला माहीत आहे. आज सकाळी गरम करून बसले, आणि तशीच परत डब्यात भरली.

गेल्या महिन्यात तू म्हणालीस, "आई, येऊ का?" मी म्हटलं, विमानाची भाडी चढलीत, उन्हाळ्यात बघू. तू शिकायला गेलीस तेव्हापासून मी तुला असंच थोपवत आले, आणि तू गुणी, थांबलीस. आता आईचं दुसरं ऐक. ये. भाडं उतरायची वाट पाहू नकोस, आणि कितीला पडलं ते मला सांगूही नकोस. पहिला शनिवार मिळेल त्याला आपण निघू. दुसऱ्या ओळीत तुझं नाव लिहीन. डबा दोघींचा भरते.

तुझीच,
आई