नकाशावरचे ज्वारीचे दाणे

सोमवार, १० फेब्रुवारी १९७५

आज शोध लागला! आमच्या गुरुजींना दिसत नाही!

शोध खरं तर आश्रुबाचा. पण त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून मीच लिहिते. गुरुजींनी दिवाळीपासून चौथीला रोजनिशी लावून दिली आहे. रोज पाच ओळी लिहायच्या, दुसऱ्या दिवशी दाखवायच्या, मग गुरुजी लाल शाईने खूण करणार. चौथीत आम्ही तिघंच — मी पंचफुला, कडूबाई आणि आश्रुबा. आश्रुबाने काल काहीच लिहिलं नव्हतं. त्याने पानभर म्हैस काढली, तिच्या डोक्यावर गुरुजींची टोपी ठेवली आणि तेच पान पुढे केलं. मला वाटलं, आता हा मेला! गुरुजींनी पान डोळ्यांजवळ नेलं, त्यावरून बोट फिरवलं, खूण केली. म्हणाले, अक्षर सुधारलं तुझं.

सुट्टीनंतर आम्ही खात्री करून घेतली. कडूने भूगोलाचं पुस्तक मुद्दाम उलटं हातात दिलं. गुरुजींनी ते तसंच उलटं धरलं आणि अख्खा धडा वाचला. एक शब्द चुकला नाही! सगळी पुस्तकं त्यांना तोंडपाठ आहेत.

आतापर्यंत माझी रोजनिशी म्हणजे — उठले, दात घासले, शाळेत आले, घरी गेले. तीन महिने तेच. आता कोण वाचणार आहे! आता ही वही माझी एकटीची. मनात येईल ते लिहीन. कडूच्या केसांत उवा आहेत. आश्रुबा अजून मायच्या कुशीत झोपतो. आणि मला एकोणतीसचा पाढा येत नाही, सगळे म्हणतात तेव्हा मी नुसते ओठ हलवते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कालच्या पानाला खूण मिळाली. उवांसकट!

आमच्या शाळेत खोली एक, गुरुजी एक आणि वर्ग चार. म्हणून चौथीने पहिलीला शिकवायचं, असा गुरुजींचा नियम आहे. माझ्या वाट्याला सिताराम आलाय. सहा वर्षांचा, नाक सदा वाहतं, आणि पोटात गोष्ट म्हणून राहत नाही. धुळीत बोटाने 'ग' गिरवून घेतला. त्याने गाढव काढलं. म्हणाला, ग गाढवाचाच हाय की.

आज हजेरीला अकरा जण नव्हते. सगळे नाल्याकाठच्या बोरीखाली! कडू त्यांची म्होरकी. अकराही नावांना आश्रुबाने वेगवेगळे आवाज काढून 'हजर' म्हटलं. कडूच्या नावाला तर असा बारीक आवाज काढला की मी तोंडात परकराचा बोळा कोंबला. गुरुजी म्हणाले, कडूबाईला पडसं झालंय का?

दुपारी ओंजळ-ओंजळ बोरं वाटली. मागच्या रांगेत बिया फोडून खाणं चाललं होतं — कट्, कट्. गुरुजी पावकी-निमकीचे पाढे घेता घेता थांबले. म्हणाले, "उंदीर लय झालेत शाळेत." हसू दाबता दाबता पोट दुखलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

बुधवारी टकळीवर सूत काढायचं असतं. प्रत्येकाने घरून मूठभर कापूस आणायचा. गुरुजी शेजारच्याच खोलीत एकटे राहतात. दारातून खुर्चीपर्यंत सात पावलं चालतात आणि बसतात. आश्रुबाने खुर्ची दोन हात सरकवली. मला आधी माहीत होतं. मी नको म्हटलं नाही.

गुरुजी सात पावलं चालले आणि बसले. खाली पडले. टोपी कापसात जाऊन पडली. आम्हाला वाटलं होतं लय हसू येईल. कुणीच हसलं नाही. गुरुजी जमिनीवर हात फिरवून टोपी शोधत होते आणि टोपी वीतभर अंतरावरच होती. सितारामने ती उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली. गुरुजींनी विचारलं, कोण रे? मग म्हणाले, काही नाही, पाय घसरला. काढा सूत.

माझं सूत सारखं तुटत होतं. मला स्वतःची लाज वाटते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

टपालवाल्याने सरकारी कार्ड आणलं. गुरुजी म्हणाले, पंचफुला, बघू तुझं वाचन. मी वाचलं. शनिवारी सकाळी तपासणीचे साहेब येणार! गुरुजींनी कार्ड परत मागितलं आणि माझ्या हाताच्या भलतीकडेच हात पुढे केला. मी कार्ड त्यात ठेवलं.

घरी मायला सांगितलं. खुर्चीचं सोडून बाकी सगळं. माय म्हणाली, "सायबाला कळलं की गुर्जीला घरी बसवतेत. मंग तुमची शाळा बंद." पलीकडच्या वस्तीवरचे गुरुजी गेले तर दुसरे यायला वर्ष लागलं. तोवर शाळेत शेळ्या बांधल्या होत्या!

बाबांचं म्हणणं तर मला पाठच आहे. चौथी पास झालीस तर ताडकळसच्या शाळेत पाचवीला घालतो, नाही तर मायसंगं रानात. परीक्षा एप्रिलात. गुरुजी गेले तर परीक्षा कोण घेणार? दाखला कोण लिहिणार? मला ताडकळसला जायचंच आहे. तिथे प्रत्येक वर्गाला वेगळी खोली आहे म्हणे.

म्हणजे साहेबाला कळता कामा नये. बस्स.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सगळं ठरलं! गुरुजींना काही सांगायचं नाही. आपणच त्यांचं निभावून न्यायचं.

हजेरीची चिंता नाही, चौतीस नावं गुरुजींना पाठ आहेत. धडाही पाठ. फक्त पान कधी उलटायचं ते कळावं म्हणून कडूने खोकायचं. खुर्चीच्या जागेवर चुन्याने फुली मारली, कुणी सरकवली तर याद राखा. अडचण एकच — नकाशा. साहेब लोकांना नकाशा लय आवडतो. येणारा प्रत्येक साहेब जिल्ह्याच्या नकाशावर गावं दाखवायला लावतो.

मग मला सुचलं! मायच्या परातीतून ओली कणीक आणली आणि नकाशावर ज्वारीचे दाणे चिकटवले. सेलू, परभणी, पूर्णा — रेल्वेच्या रुळावर ओळीने एकेक दाणा. ताडकळसला दोन, कारण ते आपलं. बोट फिरवलं की बरोबर लागतात. मी डोळे मिटून पाहिलं.

रंगीत तालीम झाली. आश्रुबा साहेब झाला. त्याने सगळ्यांत आधी चहा मागितला.

सितारामला बजावलं — साहेबापुढे तोंड उघडायचं नाही, गप्प बसलास तर सात बोरं. तो म्हणाला, आठ.

शनिवार, १५ फेब्रुवारी

साहेब सायकलवर आले. बुटांवर ही धूळ! पहाटे आम्ही मुलींनी खुर्चीची फुली सोडून शाळा सारवली होती, ती अजून ओली होती. साहेब दारातच घसरले, आश्रुबाने धरलं म्हणून वाचले. सुरुवातच अशी.

हजेरी झाली. आज खरोखर चौतीसच्या चौतीस! धडा झाला. कडू इतकी खोकली की साहेब म्हणाले, या मुलीला दवाखान्यात न्या. पण पानं बरोबर उलटली.

मग साहेब म्हणाले, नकाशा घ्या.

गुरुजी भिंतीपाशी गेले. नकाशावर हात ठेवला. बोट सरकत सरकत सेलूच्या दाण्याला लागलं आणि थांबलं. त्यांनी दाणा चाचपला. मग हळूहळू पुढे — परभणी. तिथेही दाणा. गुरुजींनी आमच्याकडे तोंड वळवलं, कुणाकडे म्हणून नाही, सगळ्यांकडेच. मग पुन्हा नकाशाकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, हे सेलू, इथे कापसाचा बाजार. ही परभणी.

पुढे पूर्णा. बोट फिरतंय, फिरतंय, दाणा लागेना! पूर्णेचा दाणा रात्री उंदराने नेला होता. खऱ्या उंदराने. बोट पार जिल्ह्याबाहेर निघालं. मी उठले आणि म्हणाले, "गुर्जी, पूर्णा मी दावू का? माझा मामा तिथं रेल्वेत हाय." मामा नाही माझा कुणी तिथे! मी पूर्णा दाखवली, जंक्शन दाखवलं, गाड्या कुठे कुठे जातात तेही सांगितलं. साहेब खूश झाले. पोरं धीट आहेत, म्हणाले. शेरेबुकात लिहिलं — समाधानकारक. सिताराम गालात बोर धरून बसला होता, त्याने हूं की चूं केलं नाही.

जिंकलो होतो आम्ही!

साहेबांनी शेरेबुक पुढे केलं. गुरुजी, सही करा. कडूने लगेच टाक त्यांच्या हातात दिला आणि बोट बरोबर जागेवर टेकवलं. गुरुजींनी टाक धरला. मग खाली ठेवला. म्हणाले, "साहेब, नकाशावर दाणे लावलेत, ते पोरांनी लावलेत. मला वर्ष झालं दिसत न्हाई. माझ्यापायी ही पोरं खोटं बोलाया शिकायलीत, म्हणून सांगायलोय."

साहेब उठले. परभणीच्या दाण्यावर आपलं बोट ठेवून पाहिलं. मग गुरुजींना बाहेर घेऊन गेले. खिडकीतून एवढंच ऐकू आलं की मोतीबिंदू आहे, सोमवारी परभणीच्या सरकारी दवाखान्यात जायचं, आणि पुढचं पुढे बघू.

इतकं केलं आम्ही, आणि यांनीच सांगून टाकलं! मला गुरुजींचा लय राग आला. सगळे गेल्यावर मी नकाशावरची परभणी उपटली आणि खाऊन टाकली. कणीक वाळून दगड झाली होती. मग रडले.

रोजनिशी आज दाखवलीच नाही. खूणही नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

गुरुजी सकाळच्या मोटारीने गेले. हातात ट्रंक, सोबत कोतवाल. गाव पारावर जमलं होतं. मी गेले नाही. लपून पाहिलं. गुरुजींनी विचारलं, पंचफुला आलीय का? कुणीतरी नाही म्हणून सांगितलं.

शाळेला कुलूप.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सात दिवस झाले, मायसंगं ज्वारी काढायला जाते. हाताला फोड आले. बाबांनी मला नवा विळा आणून दिलाय.

बुधवार, १२ मार्च

ताडकळसहून एक गुरुजी मंगळवारी-बुधवारी येतात. उरलेले दिवस चौथीच शाळा चालवते! सकाळी शाळा, मग रान. मी हजेरी घेते. कुणी दुसऱ्याच्या आवाजात 'हजर' म्हटलं तर मला लगेच कळतं. डोळे मिटले तरी कळतं.

सितारामला 'ग' आला. त्याने गाढव न काढता लिहिला. आज आपल्याला गुरुजींची आठवण आली असं तोच म्हणाला, मी नाही.

मनीऑर्डरवाला सांगत होता, म्हातारी माणसं कधी कधी दवाखान्यातून सरळ पेन्शनवर जातात. त्याच्या सायकलची हवा कुणी सोडली ते मला माहीत नाही.

गुरुवार, १० एप्रिल

गुरुजी आले! ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय, पण चष्मा दोन भिंगांचा. इतका जाड की डोळा बैलाएवढा दिसतो. आत आले, सात पावलं मोजली नाहीत, सरळ येऊन बसले. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. सितारामला म्हणाले, तू इतका बारका आहेस होय?

मग म्हणाले, चौथी, रोजनिशा आणा.

आश्रुबाने म्हशीचं पान तिथल्या तिथे फाडून गिळलं. मला उवा आठवल्या, बोरं, खुर्ची, नसलेला मामा! फाडायला वेळच मिळाला नाही. वही गेली ती संध्याकाळी मिळाली. आता कुठे धीर करून उघडली.

मंगळवारच्या पानाखाली लाल शाईत — 'बोरं खाताना उंदीर तुम्हीच होतात. अकरा जण गैरहजर. त्यांची नावं मला पाठ आहेत. तेव्हाच विचारायला हवं होतं. पण माझंच खोटं चाललं होतं, तुम्हाला कोणत्या तोंडाने विचारू?'

बुधवारच्या पानाखाली काहीच नाही. फक्त खूण.

आणि सगळ्यांत शेवटी — 'खरं लिहितेस. शुद्धलेखनाच्या चुका सोळा. एकोणतीसचा पाढा उद्या माझ्यापुढे म्हणायचा. ताडकळसला जाण्याआधी दोन्ही सुधार.'