वरची कोरी जागा

धनगरवाडा, पेटा मुळशी
ता. १० जानेवारी १९२८

चि. रत्नास धुळामामाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्राच्या डोक्यावरची जागा कोरी दिसंल. विसरलो न्हाई. आजवर तिथं 'बिरोबा प्रसन्न' लिहीत आलो. बाप्तिस्मा घेतल्यापासून 'येशू प्रसन्न' लिहायला पाहिजे, पण तो माझ्यावर प्रसन्न हाय का न्हाई तेच तर तुला विचारायचं हाय. मग खोटं कशाला लिहू?

इकडं सगळं ठीक. खालची कुरणं धरणाच्या पाण्यात गेल्यापासून वरच्या माळावरच चारतो. पिरंगुटच्या गेणबाकडून एक काळतोंडी मेंढी घेतली. ती दोनदा पळून परत पिरंगुटच्या वाटंला लागली. दोन्ही वेळा खांद्यावर घालून आणली. अजून वाड्यात तोंड फिरवून उभी असते, नव्या सासुरवाशिणीसारखी.

आता माझं ऐक. बिरोबाच्या कारभारात एक सोय होती. मेंढरं हलवायची, पोरीचं लगीन ठरवायचं, काही असो, ओल्या दगडाला दोन्ही अंगाला एकेक कळी लावायची. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की गप घरी जायचं. कौल मिळाला की झोप लागायची. येशूकडं पाद्रीसाहेब म्हणतात, विश्वास ठेवला की तारण झालं. माझ्या बाजूनं ठेवला गं, पण तिकडनं घेतला का? त्याची खूण कोणती? तुम्हा लोकांना आतून काही कळतं का? मला तर पाण्यातनं वर आल्यावर नुसती थंडी वाजली.

म्हणून पुण्याच्या देवळात प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट मी बाप्तिस्म्यानंतरचे दोन्ही महिने हात न लावता पुढं दिलं. तू बायकांच्या बाजूला होतीस, तुला दिसलं नसंल. अजून एकदा असं झालं, तर मी कुठल्या तोंडानं तिथं बसू? वय साठ झालं. छाती भरून येते. जायच्या आधी कळायला पाहिजे.

तुझ्या लहानपणच्या पाटीवर गिरवून अक्षरं शिकलो, तेव्हा वाकडीतिकडी गोड मानून घे. मामी खुशाल हाय. म्हातारपणी सोयरिक बदलली म्हणून मला चिडवती, पण भाकरी वेळेवर देती. मामावर माया हाय तशीच ठेव.

तुझा मामा,
धुळा

।। येशू प्रसन्न ।।

पुणे, १७ जानेवारी १९२८

ती. धुळामामांस रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र शाळेत मुलींची परीक्षा चालू असताना मिळाले. वाचून हसूही आले आणि तुमची काळजीही वाटली. मामा, आई प्लेगात गेल्यावर मला खांद्यावर घेऊन इथल्या मिशनच्या शाळेत पोहोचवणारे तुम्ही, आणि आज मला विचारता?

आपल्या देवाकडे कौल लावायचा नसतो. त्याने शब्द दिला आहे, तो धरून राहायचे. थंडी वाजली की ऊब आली, यावर तारण ठरत नाही. मन रोज बदलते, शब्द बदलत नाही. पाद्रीसाहेबांनाही विचारले. तेही हेच म्हणाले, आणि म्हणाले की म्हाताऱ्याला सांग, फार खोदू नकोस. तेव्हा वरच्या जागेत निर्धास्त लिहा आणि फेब्रुवारीच्या रविवारी ताट आले की हात पुढे करा. आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला या, पिठले करते.

मामींना नमस्कार. त्या पळपुट्या मेंढीला माझ्याकडून एक चापट. लोभ आहेच, तो पत्रांतून येत राहो.

आपली भाची,
रत्ना

धनगरवाडा, ता. ११ फेब्रुवारी १९२८

चि. रत्नास आशीर्वाद. वि. वि.

वर पुन्हा कोरंच हाय. मी आलो न्हाई. छातीचं निमित्त कळवलं, ते खोटं होतं. खरं कारण लिहितो. उभं राहून वाचू नकोस, खाली बस.

मी कौल लावला. बिरोबाला. यायच्या दोन दिवस आधी पहाटे अंघोळ करून माळावर गेलो, दोन कळ्या लावल्या आणि हात जोडून विचारलं, की देवा, येशूनं मला पदरात घेतलं का?

लावायचा अवकाश, उजवी पडली.

रत्ना, मी आनंदानं निम्मा माळ उतरलो, आणि मग पाय जागीच थांबले. बिरोबाचा शब्द खरा मानावा, तर मी त्याला सोडलं कशाला? खोटा मानावा, तर मला घेतलंच न्हाई. बरं, खरा मानला तर येशूचा माणूस होऊन दुसऱ्या दारात कौल मागितला, मग त्यानं घेतलेला तरी ठेवंल का? जितकं सोडवायला जातो तितका गुंता वाढतो. दुसऱ्यांदा लावायचा धीर झाला न्हाई.

मामीला सांगितलं तर ती डोळ्याला पदर लावून हसली. म्हणाली की बिरोबा मोठ्या मनाचा, साठ वर्षांची चाकरी बघून त्यानंच तिकडं तुमची शिफारस केली असंल. मला हसू येईना. ती मेंढी तिसऱ्यांदा पळाली, तिला शोधण्यात दोन दिवस गेले, अजून मिळाली न्हाई. तिची पण मला आता चीड येत न्हाई.

पाद्रीसाहेबांना हे सांगायचं का न सांगायचं, तू ठरव. मंडळीच्या यादीतनं माझं नाव काढायचं असंल तर मार्चच्या आधी काढा, म्हणजे मी तेवढं चालत यायला नको. छाती आता खरंच दुखती. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा मामा,
धुळा

पुणे, १८ फेब्रुवारी १९२८

ती. मामांस रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

आज माझीही वरची जागा कोरी आहे.

तुमचे पत्र वाचून आधी खूप हसले, मग दार लावून रडले. पाद्रीसाहेबांना दाखवले नाही. गेल्या खेपेला मी तुम्हांला मुलींना धडा द्यावा तसे उत्तर दिले. ते खोटे नव्हते, पण मी ते स्वतःला कधी देऊ शकले नाही, हे लिहायचे राहिले.

गेल्या वर्षी तापाने बारा दिवस पडून होते. मरते की काय असे वाटले, तेव्हा डोळे मिटून बायबल उघडले आणि मनाशी म्हटले, की बोट पडेल ती ओळ माझ्यासाठी. बोट पडले ते कुणाच्या तरी तंबूच्या खुंट्यांच्या यादीवर. मामा, मी अर्धा तास त्या खुंट्यांत माझे तारण शोधत होते. तुमच्या कळ्या आणि माझे बोट, यात काय फरक आहे सांगा. आणि मी तर वीस वर्षांची ख्रिस्ती.

तेव्हा नाव कुणाचे काढायचे ते आधी ठरवू. मला गुंता सुटत नाही. तुम्ही रागावणार नसाल तर एवढेच विचारते, ती मेंढी सापडली का? का कोण जाणे, तिच्याकडे जीव लागला आहे.

छातीला शेक घ्या. माझ्यावरची माया कमी करू नका.

तुमची,
रत्ना

।। येशू प्रसन्न ।।

धनगरवाडा, ता. २७ फेब्रुवारी १९२८

चि. रत्नास आशीर्वाद. वि. वि.

मेंढी सापडली. पिरंगुटच्या अलीकडं करवंदीच्या जाळीत अडकली होती. सोडवताना तिनं मला दोन लाथा मारल्या. खांद्यावर घालून चढ चढलो, छाती भात्यासारखी चालली होती. वाड्यात टेकवली तेव्हा मामी तिच्या डाव्या कानाकडं बघत बसली. त्या कानाला गेणबानं दोन चिरा दिल्यात, त्याच्या कळपाची खूण. मामी म्हणाली की कान काय नवा फुटत न्हाई, ही जन्मभर गेणबाचीच खूण घेऊन हिंडणार आणि चुकली की जुन्याच वाटंला लागणार. मग मला विचारलं, की हिला एकदा तरी विचारलंत का, तू माझी हायेस हे तुला पटलं का म्हणून?

मी म्हणालो, तिला कशाला विचारू? मी घेतली, मला ठाऊक हाय.

बोललो आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं. मामी चुलीकडं गेली. ती काय बोलून गेली ते तिला ठाऊक हाय का न्हाई, देव जाणे. कोणता ते विचारू नकोस.

गुंता सगळा सुटला असं न्हाई. बिरोबानं उजवी का दिली, ते अजून कळत न्हाई. आतून ऊब आली न्हाई. पण माझा कान चिरलेलाच राहणार, आणि मी चुकून जुन्या दाराशी जाऊन उभा राहिलो, तर माझं मला कळलं न्हाई म्हणून मी त्याचा न्हाई असं कसं म्हणू? तुझं बोट खुंट्यांवर पडलं तेव्हा तू जाळीत होतीस, एवढंच.

तीन तारखेला निघतो. पाद्रीसाहेबांना कळ्यांचं मीच सांगीन. रविवारी ताट आलं की हात पुढं करीन. तू पण कर. मामी बरोबर येती हाय. म्हणती, देवळाबाहेर बसून बघीन, कौल न्हाई तर ही माणसं आत इतका वेळ करतात तरी काय. पिठलं तिघांचं कर.

वरचं लिहायला बसलो तेव्हा टाक दोनदा शाईत बुडवला आणि दोनदा तसाच वाळला. तिसऱ्यांदा लिहिलं. तुझी जागा कोरी राहिली होती, म्हणून जरा मोठ्या अक्षरात लिहिलंय. दोघांच्या वाटचं समज.

तुझा मामा,
धुळा