सगळे बदल माझ्या नावावर

२ मार्च, सोमवार. सकाळी ९.
किळस आली. बिस्किटांच्या कृतींचं फोल्डर उघडलं. 'अंतिम'. 'अंतिम नवीन'. 'खरंच अंतिम'. 'आप्पा म्हणाले ते अंतिम'. यातल्या कोणत्या कृतीने आज पीठ मळलं जातंय, हे अख्ख्या कारखान्यात कोणाला ठाऊक नाही. आमच्या गावच्या शाळेत पोरं थुंकी लावून पाटी पुसायची, त्यातलीच ही माणसं. पुसलं की मागचं गेलं.
संकल्प: महिनाअखेरच्या आत कृतींच्या सॉफ्टवेअरला एपीआयमार्फत, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या दारातून, व्हर्जन कंट्रोल जोडणार. कोणीही 'जतन करा' दाबलं की सर्व्हरवर नोंद पडणार. काय बदललं, कधी, कोणी, का. जुनं पुसलं जाणार नाही.
महिनाअखेरीला मालक संगणक विभागाचा प्रमुख नेमणार आहेत. विभागात माणसं दोन. मी आणि नवी आलेली पोरगी, धाकटी. तिचं वय माझ्या नोकरीएवढं. म्हणजे प्रश्नच नाही.

४ मार्च, बुधवार
धाकटीला परवा सांगितलं होतं, काका म्हणू नकोस. आज 'अंकल' म्हणाली. काकाच बरं होतं.
जोडणी चालली! पहिली नोंद पडली तेव्हा डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. सर्व्हरच्या दाराला चावी लागते, तिला टोकन म्हणतात. ज्याचं टोकन, त्याच्या नावावर नोंद. तूर्त प्रोग्रॅममध्ये माझंच घातलंय. चाचणीपुरतं. धाकटी म्हणाली, आत्ताच प्रत्येकाचं वेगळं करून टाका, मागाहून राहून जाईल. म्हटलं, राहून जाणारी माणसं वेगळी. उद्या करतो.

६ मार्च, शुक्रवार
टोकनांचं राहिलं. मिश्रण विभागाचा कीबोर्ड उलटा केला तर पीठ, साखर आणि मुंग्यांचं एक भरलं घर खाली पडलं. ओकारी यायची बाकी होती. तिथले प्रमुख आप्पा म्हणाले, असू द्या हो, गोडाला लागणारच त्या.
'बदल का केला?' हा रकाना मी सक्तीचा केलाय. आप्पांनी त्यात लिहिलं, 'बघू'. पुढच्या बदलाला, 'असंच'. अशा माणसांसाठी मी जीव आटवतोय.

९ मार्च, सोमवार
मालकांनी आठवड्याच्या नोंदींचा तक्ता सगळ्यांसमोर पडद्यावर उघडला. बदलच बदल. शनिवारी, रविवारीसुद्धा. सगळे माझ्या नावावर. मालक म्हणाले, पन्नाशीला टेकलेला माणूस रविवारी घाम गाळतो, आणि तुम्ही?
रविवारी मी मेव्हण्याकडे जेवून आडवा झालो होतो. सांगणार होतो. पण मालकांचं बोलणं मध्येच तोडणं बरं दिसत नाही. नंतर विषयच निघाला नाही.
संध्याकाळी बसून चिंतन केलं. कर्ता करविता तो. माणूस निमित्तमात्र. नोंदीत कोणाचं तरी नाव पडायचंच, माझं पडलं. शिवाय मी जोडणी केली नसती तर हे बदल कोणाला दिसले असते? न्यायाने पाहिलं तर माझेच.
बायको म्हणाली, आज देवाचं फार बोलताय, काय करून आलात?

१२ मार्च, गुरुवार
धाकटी पुन्हा टोकनांवर आली. म्हणाली, काका, मी चार दिवस खपून क्रीमच्या बिस्किटांची कृती सुधारली, तीही तुमच्या नावावर गेलीय. म्हटलं, बाळ, नावाचा मोह वाईट. तुझ्या वयात तर फारच. खुर्ची वळवून कामाला लागली. गुणी मुलगी आहे, माझ्या हाताखाली तयार होईल.

१६ मार्च, सोमवार
तक्त्यात मागच्या आठवड्यापेक्षाही जास्त काम केलंय मी. मालकांनी खांद्यावर हात ठेवला. टोकनं या महिन्यात नकोत. चालत्या यंत्रात हात घालू नये.
प्रमुखाची खुर्ची पाहून आलो. गादीवर कोणाचा तरी तेलकट डाग आहे. शी. आल्या आल्या बदलून घेणार.

२३ मार्च, सोमवार
घाणेरडा दिवस. काल रविवारी अख्खा घाणा फुकट गेला. खाण्याचा सोडा दहापट पडला. मालकांनी बोलावून बिस्किट हातात दिलं आणि म्हणाले, खा. खाल्लं. कपड्यांच्या साबणाची वडी. थुंकायला जागा नव्हती, गिळलं. मग पडदा माझ्याकडे वळवला. 'सोडा वाढवला. कारण: बघू.' नाव माझं.
म्हटलं, हे मी केलेलं नाही. मालक म्हणाले, बरं. मग बाकीचे कोणी केले?
आप्पा दारात छत न्याहाळत उभे होते. धाकटी माझ्याकडे पाहत होती. तिचं ते पाहणं सोड्याहून कडवट लागलं.
म्हटलं, बोट घसरलं असेल.
माझा मोठेपणा मालकांच्या लक्षात आला असणार. चेहऱ्यावर मात्र दिसला नाही.

२४ मार्च, मंगळवार
प्रत्येकाचं वेगळं टोकन करून टाकलं. चहा निवायच्या आत झालं. एवढ्याशा कामाचा लोकांनी महिनाभर बाऊ केला.

३० मार्च, सोमवार
तक्ता उघडला. आप्पांच्या नावावर लांबलचक रांग. धाकटीची त्याहून लांब. माझ्या नावासमोर कोरं. पडद्यावर धूळ असेल म्हणून रुमालाने पुसून पाहिलं. कोरंच.
मालकांनी बाजूला घेतलं. आवाज मऊ, आजाऱ्याशी बोलावं तसा. सोड्याचं फारच मनाला लावून घेतलंत तुम्ही. एवढं काम करणारा माणूस, हातच आखडला तुमचा! प्रकृतीला जपा. विभाग धाकटी बघेल. तुम्हाला हलकं काही देतो.
सांगता आलं असतं की हात आखडलेला नाही. पण मग तो आधीही असाच होता, हेही सांगावं लागलं असतं. हात जोडून बाहेर आलो.

२ एप्रिल, गुरुवार. दुपारी ४.
हलकं काम म्हणजे प्रत्येक घाण्यातलं पहिलं बिस्किट चाखायचं. सकाळपासून खातोय. गोड, खारं, पुन्हा गोड. जिभेवर साय धरल्यासारखं झालंय. आप्पा दर वेळी ताटली पुढे करून म्हणतात, घ्या, घ्या, लाजू नका.
चाखल्यावर नोंद करायची. केली. माझ्या हाताने, माझ्या टोकनाने, माझ्या नावावर पडलेली पहिली खरी नोंद. 'चव बरी.'
धाकटीने लगेच परत पाठवली. शिवाय स्वतः येऊन नम्रपणे विचारून गेली, काका, कोणत्या बिस्किटाची?
आठवेना. आप्पा पुन्हा ताटली घेऊन येताहेत.