लाकडाखालचा शिक्का

नाना, तुमची रायफल परवा मी पूर्ण खोलली. तुम्ही असतात तर हात लावू दिला नसता.

गावात जुन्या फौजींचं स्मारक होतंय. तिथं काचेच्या पेटीत ती ठेवायची आणि खाली पाटी लावायची, की याच रायफलीने तुमचे वडील, आमचे आबा, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. मजकूर तपासून दे, असं चुलतभावानं सांगितलं. तोच आता सरपंच आहे. घरात बंदुकांमधलं कळतं ते मला एकट्याला. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहून, पुस्तकं मागवून, कुणाला न विचारता मी ते शिकलो. तपास म्हटल्यावर मी नुसती मान डोलावणारा माणूस नाही, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं.

अडचण तुम्हीच करून ठेवली होती. अशा थ्री नॉट थ्रीवर मुठीजवळच्या लोखंडात कारखान्याचा शिक्का, साल, सगळं कोरलेलं असतं. अजून डोळ्यांपुढं आहे: दर खंडेनवमीला तुम्ही ती अंगणात गोणपाटावर ठेवता, मी चिंच आणि राख घेऊन घासायला बसतो, आणि मळ्यातला झेंडू ओवता ओवता तुम्ही ओरडता, "अजून काळं दिसतंय. देवीपुढं असं ठेवायचं का?" मी म्हणतो, नाना, ही अक्षरं आहेत. "अक्षरं वहीत. हे शस्त्र हाय. घास." इतकी वर्षं भक्तिभावानं घासून आपण तिचा जन्मदाखलाच पुसून टाकला. तिथं आता नुसतं गुळगुळीत लोखंड आहे.

नळी कायमची बंद केलेली, गोळी उडवणारी पिन काढलेली, कागद रीतसर, त्यामुळे खोलण्यात धोका नव्हता. पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू आहे. आपल्याकडच्या हवेत लाकूड फाटू नये म्हणून तो मारत. म्हणजे रायफल इथली. पण त्यावरून देशाचा अंदाज येतो, काळाचा नाही. म्हणून लाकूड उतरवलं. जिथं तुमची चिंच कधी पोचलीच नाही तिथं, नळीच्या बुडाशी, शिक्का स्वच्छ होता. राजमुकुट नव्हता. अशोकस्तंभाचे सिंह होते. नळी मागाहून बदललेली असू शकते, म्हणून नळी जिच्यात बसते त्या लोखंडी बॉडीची खालची बाजू भिंगाखाली धरली. तिथंही सिंहच, आणि दोन्हीकडे नंबर एकच. आबा लढाई संपल्यावर फौजेतून सुटून घरी आले तेव्हा इंग्रज अजून इथंच होते. ही रायफल तेव्हा बनलेलीच नव्हती.

सरपंचाला फोन केला. "म्हणजे नानांनी आपल्याला शेंडी लावली?"

"शिक्का सांगतो तेवढंच मी सांगतोय."

"काचेतून शिक्का कोण बघणार आहे? सगळं गाव लहानपणापासून ऐकत आलंय. नानांना लबाड ठरवून तुला काय मिळणार, भाऊ?"

मी फोन ठेवला. खोटी पाटी लावू देणं मला जमणार नव्हतं, आणि गावासमोर तुम्हाला उघडं पाडणंही. सिन्नरला आत्याकडे गेलो. ती ओट्यावर मेथी निवडत होती. माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि हसली. "अरे येड्या, सुटून येताना सरकार बंदूक घरी देतं व्हय? कोट दिला तेच लय झालं."

मग म्हणाली, शेवटी आबांची नजर गेली तेव्हा त्यांनी एकच धोशा लावला होता, माझी रायफल कुठंय, कुणी नेली. जेवायचे नाहीत. "तुझ्या बापानं देवळालीकडं लष्कराच्या जुन्या मालाचा लिलाव होता, तिथनं ही आणली. मांडीवर ठेवली न् म्हणाला, आबा, सापडली."

"मग?"

"आबानं चाचपली. बोल्ट ओढला. म्हणला, ही माझी नाय." आत्यानं काडी मोडून बाजूला टाकली. "मग तुझ्या बापाकडं तोंड करून म्हणला, पण बरी हाय. राहू दे. आन् जेवला."

म्हणजे आबांना कळलं होतं, आणि कळलंय हे तुम्हालाही माहीत होतं. तरी पुढं जन्मभर आम्हाला ती लढाईतलीच म्हणून सांगत राहिलात. का, ते आत्यालाही सांगता आलं नाही. अंदाज बांधणं माझं काम नाही.

पाटीचा मजकूर मी असा दिला: ‘स्वातंत्र्यानंतर भारतात बनलेली रायफल. एका म्हाताऱ्या फौजीसाठी त्याच्या मुलाने आणली.’ सरपंच म्हणाला, "ह्यात लढाई कुठंय?" पण लावतो म्हणाला. पाटी मीच बनवून घेतली, अक्षरं खोल कोरायला लावली.

हे लिहिलेलं वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्येच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. आज सकाळी रायफल टेम्पोत चढवताना ड्रायव्हरनं विचारलं, "शेठ, कुणाची हो ही?" पाटी माझ्या काखेतच होती, वाचून दाखवता आली असती.

"आमच्या आबांची," मी म्हणालो.

"लढाईतली?"

मी हो म्हणालो.