काहिलीच्या पलीकडची मुलगी

आबा, तुम्ही शेवटपर्यंत ज्या गावाच्या गोष्टी सांगत राहिलात, ते गाव मी गेल्या महिन्यात बघून आले. इंडोनेशियातल्या एका शहरात लेखकांचं संमेलन होतं, तिथं मला बोलावलं होतं. ते आटोपल्यावर बाकीचे समुद्र बघायला गेले आणि मी विमानानं सुमात्राला, तिथून भाड्याच्या गाडीनं तुमच्या डोंगरावर. ‘तुमच्या’ असंच लिहिलं गेलं बघा. मी दहा वर्षांची असताना तुम्ही तिथं गूळ शिकवायला गेलात. एका संस्थेला चांगला गुळव्या हवा होता आणि पेठ वडगावच्या बाजूला तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. दोन हंगाम राहिलात. माणूस गेला तेवढा परत आला नाही, असं आई म्हणायची.

गाव अगदी तुम्ही सांगायचात तसंच आहे, आणि मला त्याचाही राग आला. निदान काहीतरी तुम्ही फुगवून सांगितलेलं असावं, असं वाटत होतं. पण खाली खोल तळं आहे, सकाळी धुक्यानं बुजून जातं. उतारावर भाताच्या पायऱ्या, वर ऊस. जुन्या घरांची छपरं दोन्ही टोकांना शिंगांसारखी वर वळलेली, नव्या घरांवर साधा पत्रा. अंगणात दालचिनीची साल वाळत टाकलेली असते आणि तिच्यावरून कोंबड्या फिरतात. मशिदीच्या भिंतीला लागून चहाचं दुकान, तिथं म्हातारे दुपारभर बसलेले. घाण्याला रेडा जुंपतात, त्याला गरगरू नये म्हणून डोळ्यांवर नारळाच्या करवंट्या बांधतात. काही जणांनी आता इंजिन बसवलंय. इंजिनाचा आवाज ऐकून तुम्ही तोंड वाकडं केलं असतंत.

त्या मुलखात घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. तुम्ही हे जेवताना हसत हसत सांगायचात. “तिथं पोरीच मालक, आन् बाप्ये पावणं!” आई भाकरी थापता थापता म्हणायची, “मग ऱ्हायाचं की तिथंच पावणं हून.” सगळे हसायचे. मीही हसायचे, पण ताटावरून नजर न उचलता. पुढं जमीन आणि गुऱ्हाळ दादाच्या नावावर झालं तेव्हा मी हक्कसोडीची सही केली. सगळ्याच बहिणी करतात. दादानं तिसऱ्या वर्षी गुऱ्हाळ मोडलं आणि ऊस कारखान्याला घालायला लागला. मला जमीन नको होती, आबा. मला रस उकळायच्या काहिलीजवळ उभं राहायचं होतं. पाक कुठल्या क्षणी उतरवायचा ते तुम्ही कशावरून ओळखता, हे मला शिकायचं होतं. मी विचारलं की तुमचं एकच उत्तर, “पोरींचं काम न्हाय ते.”

आणि तिथून येताना तुम्ही माझ्यासाठी फ्रॉक आणलात. निळा, कॉलरवर बारीक भरतकाम. आई म्हणाली, माप कुठं होतं तुमच्याकडं? तुम्ही खुशीत सांगितलंत, “घरमालकिणीची पोर हिच्याच वयाची हाय की. तिच्या अंगाला लावून बघितला.” फ्रॉक मला चपखल बसला. खांद्याला, कमरेला, कुठंही सैल नाही, घट्ट नाही. मी तो पुन्हा घातला नाही. लहान झाला असं सांगितलं, आणि तुम्ही वर्षभर सगळ्यांना सांगत होतात की पोर किती झपाट्यानं वाढतीया.

ती मुलगी आता माझ्यासारखीच चाळिशी ओलांडलेली बाई आहे. घर तिचं, ऊस तिचा, आणि त्या वस्तीवर गूळ कधी तयार झाला हे तीच सांगते. तिची मुलगी शहरात शिकते, ती इंग्रजी बोलते, तीच आमच्या मधे बसली. मी कोण ते कळल्यावर बाईनं माझे दोन्ही हात धरले, मला ‘उनी’ म्हणाली, म्हणजे ताई, आणि थेट स्वयंपाकघरात नेलं. तुम्ही बसायचात ती जागा दाखवली. “तुझा बाप आमच्या आजीला म्हणायचा, तुमचं तिखट लेकराबाळांचं आहे. मग एक दिवस आजीनं हिरव्या मिरचीचं वाटण वाढलं. तो रडला! भात खातोय आणि रडतोय, आणि म्हणतोय, अजून वाढा!” मायलेकी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मी पण हसले. तुम्हाला रडताना मी कधीच बघितलेलं नाही, मिरचीनंसुद्धा.

मग तिनं विचारलं, “तू त्याची मुलगी, म्हणजे तुला गूळ करता येत असेल.”

“नाही.”

“मग काय येतं?”

“मी लिहिते.”

मुलीनं भाषांतर केलं. बाईनं माझ्या ताटात आणखी एक मासा वाढला.

दुपारी काहील चुलवाणावर होती. आपल्यापेक्षा लहान, पण वास तोच. खाली चिपाडं जळतायत, वर रस तांबूस होत चाललाय. रसावरची मळी काढायला तुम्हाला तिथं भेंडीची झाडं मिळाली नव्हती, म्हणून तुम्ही जास्वंदीच्या फांद्या चेचून वापरल्यात. अजून ते तेच करतात. बाई पाण्यात बोटं बुडवते, उकळत्या पाकाचा थेंब उचलते, पुन्हा पाण्यात घालते, गोळी वळते. मान तुमच्यासारखी डावीकडे कललेली. मी बघतेय आणि मला ते बघवत नाही. तुमचा हात तिच्या मनगटातून चाललाय आणि माझ्याकडे तुमचं फक्त आडनाव आहे, तेही लग्नानंतर कागदावर उरलेलं नाही.

मग काहील उतरवायच्या आधी ती थांबली. मागं वळून बघितलं. डावा हात पाठीमागं नेऊन, तळवा बाहेर काढून, हवेत काहीतरी ढकलल्यासारखं केलं आणि ठसक्यात, चक्क मराठीत म्हणाली, “मागं सर.” तिच्या मागं भिंत होती. दुसऱ्या काहिलीवर तिच्या मुलीनंही तेच केलं. वळली, हात मागं, “मागं सर”, मग काहील खाली. शेजारच्या गुऱ्हाळातही तसंच करतात म्हणे. त्यांच्या लेखी तो गूळ करण्यातलाच भाग आहे, मळी काढण्यासारखा. तसं केल्याशिवाय काहील कुणी उतरवत नाही.

आपल्या गुऱ्हाळात मी तुमच्या पाठीशी उभी असायचे, दर वेळी वीतभर पुढं सरकत. काहील उतरायच्या आधी तुम्ही वळायचात, हात मागं करून माझ्या छातीला तळवा लावायचात आणि म्हणायचात, “मागं सर गं.” हंगामभर, रोज. तो तळवा म्हणजे माझ्या लहानपणातला सगळ्यात मोठा नकार होता. मी बाईला विचारलं, “तुम्ही शिकताना कुठं उभ्या असायचात? आबांच्या मागं?” ती म्हणाली, छे, समोर, काहिलीच्या पलीकडं. त्यांनीच उभं केलं होतं, सगळं दिसावं म्हणून. “मागं कुणी नसायचं, तरी तो हात मागं करून तसं म्हणायचा. आधी आम्हाला गंमत वाटली. मग वाटलं, असंच करायचं असेल.”

म्हणजे तुम्ही तिला समोर उभं केलंत. हे मला माफ करता येत नाही, आबा, अजूनही नाही. आणि दोन हंगाम, हजारो मैल लांब, जिथं मी नव्हते तिथंही काहील उतरवताना मला आधी बाजूला केलंत. या दोन गोष्टींचं काय करायचं मला कळत नाही. कोल्हापूरला परतून महिना झाला, रोज चहा उतू जातो.

निघताना तिच्या मुलीनं विचारलं, त्या दोन शब्दांचा अर्थ काय? आईला कितीतरी वर्षं जाणून घ्यायचा आहे. बाई दारात उभी होती, माझ्यासाठी करवंटीत ओतलेला गूळ केळीच्या पानात बांधत होती, आणि कान आमच्याकडं होते. इतकी वर्षं तुमचं सगळं तिच्याकडं होतं, आणि एवढंच तिला माहीत नव्हतं. मी म्हणाले, आमच्याकडं विस्तवाला नमस्कार करताना तसं म्हणतात. बाईनं समाधानानं मान हलवली.

तिचा फोन नंबर माझ्याकडं आहे. खरं सांगायला एक मेसेज पुरेल. मी तो केलेला नाही, आणि करणार नाही.