डब्यात काय होतं?

सर, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि तुमचा प्रश्न मी अजून विचारते आहे. शाळांमधल्या फुटबॉलच्या शिक्षकांचे वर्ग मी घेते. खेळताना मुलांच्या डोक्याला मार लागला तर कसं ओळखायचं, त्यांना मैदानाबाहेर कधी काढायचं, एवढंच शिकवते. मागं चिकलठाण्याला असाच वर्ग होता. एक तरुण शिक्षक म्हणाला, "मॅडम, पोरं लई नाटकं करतात. तोंडावर पाणी मारलं की उठून पळायला लागतात." सगळे हसले. मग मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली.

आम्हा मुलींची टीम म्हणजे तेव्हा चेष्टेचा विषय. खेळाच्या कपड्यांत गुलमंडीतून निघालो की दुकानदार मान बाहेर काढून बघायचे. सामन्याआधी तुम्ही एकेकीपाशी थांबून विचारायचात, "बेटा, आज डब्यात काय?" सरांना घरी कुणी जेवायला घालत नाही, असं आम्ही आपसांत म्हणायचो. एकीनं तर तोंडावरच विचारलं, "सर, भूक लागली का?" तुम्ही म्हणालात, "हां, लगी तो है. दाखव." डबा उघडून नीट बघायचात. घास मात्र कधी घेतला नाहीत.

मग तो अंतिम सामना. आपली शाळा पहिल्यांदाच तिथवर पोचलेली. उंच आलेल्या बॉलवर मी आणि समोरची मुलगी एकदमच उडालो, डोक्यावर डोकं आपटलं म्हणे. मला आठवतं ते त्याच्या पुढचं. तुम्ही गुडघ्यांवर बसला आहात, तुमची सावली माझ्या तोंडावर आहे, आणि तुम्ही विचारता आहात, "बेटा, डब्यात काय होतं?" मी म्हणते, "पोहे." तुम्ही उठता आणि बाहेर बसलेल्या मुलीला हात करता.

मुख्याध्यापिका बाई धावत आल्या. "अहो सर, रक्त नाही, काही नाही. चांगली उभी आहे की पोरगी. थोडाच तर वेळ राहिलाय."

"डब्यात पोहे नव्हते, बाई. रक्त आलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांना दिसलं असतं."

मी रडत तुमचा हात झटकत होते. आपण हरलो. रिक्षात मी तुमच्या शर्टावर उलटी केली. डॉक्टरांना दाखवून तुम्ही मला घरी आणलंत, आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलात. आई म्हणाली, "ऊन लागलं असंल." तुम्ही म्हणालात, "ऊन नाय, ताई. डॉक्टर सांगेपर्यंत बॉल नाय, अभ्यास पण नाय. चिडेल ती. चिडू द्या." मी चिडलेच. तुम्ही रोज संध्याकाळी यायचात, आज काय खाल्लं म्हणून विचारायचात, आणि मी भिंतीकडे तोंड करून उत्तर द्यायची. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, त्या संध्याकाळी आईनं पुढं केलेली ताटली तुम्ही पहिल्यांदा हातात घेतलीत.

तसंच खेळत राहिले असते आणि पुन्हा डोक्यावर आदळले असते तर काय झालं असतं, ते मला फार उशिरा, शिकवायला लागल्यावर कळलं. आता नियम तुमच्याहून कडक आहे, सर. उत्तर बरोबर आलं तरी मूल परत आत जात नाही.

गेल्या रविवारी शेंद्र्याच्या मैदानावर तोच तरुण शिक्षक डबे बघत फिरत होता. पोरी त्यालाही हसत होत्या. दुसऱ्या हाफमध्ये त्याची सगळ्यात चांगली खेळाडू पडली. "उभी हाय की ती, खेळू द्या," तिचे वडील ओरडत राहिले. त्यानं तिला बाहेर आणून सावलीत बसवलं, डॉक्टरांकडे न्यायला रिक्षा बोलावली, मग माझ्याकडे आला. "उत्तर बरोबर दिलं तिनं, मॅडम. तरी काढली." मी नुसती मान हलवली.

वर्गात दर वेळी कुणीतरी विचारतंच, मग खरं काय होतं डब्यात? मी सांगते, धपाटे आणि दही. ते माझं मीच ठरवलंय, सर. मला आठवत नाही. आई म्हणते, "रोजचंच काहीतरी असंल." तो डबा नीट पाहिला होता तो फक्त तुम्ही, आणि तुम्ही होतात तोवर मी कधी विचारलं नाही.