बोकड शाळेचा की बिरोबाचा

क्लेअरविल, अमेरिका
२ मे

ती. ताराअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. अक्का, काय करून ठेवलंस तू? इथल्या सरकारी हायस्कुलात माझ्या वैष्णवीला शेती हा विषय आहे. पोरांनी एकेक जनावर पाळायचं, वर्षाअखेरीस शाळेच्या लिलावात खाटकाला विकायचं, मग मार्क. तिचा बोकड हगवणीनं मरायला टेकला, तिनं तुझ्या सुनेकरवी तुला विचारलं, आणि तू तिला नवस बोलायला लावलास, की बोकड उठला तर देवाला सोडीन, विकणार-कापणार नाही! बोकड उठला. पोरीनं बिरोबाच्या नावानं खूण म्हणून त्याच्या कानाचा शेंडा कातरला आणि आता म्हणते, देवाचा बोकड विकायचा नाही.

जनावराचे हाल केले म्हणून शेती शिकवणाऱ्या बाईंनी मला बोलावून झापलं. बोकड विकला नाही तर पुढच्या वर्षी तिला या विषयात घेणार नाहीत. पोरीला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. नवस फिटला, असं तूच तिला लिही.

रागावलेला, तरी तुझाच,
परमेश्वर

धारूर
१४ मे

चि. परमेश्वर यास अक्काचा आशीर्वाद. वैष्णवीला गोड पापा.

पत्र वाचून डोकं तापलं. मी न्हाई लिहीत. कान कातरला तर हाल, अन् शाळंनं दुसऱ्या कानात नंबरचा बिल्ला ठोकला त्ये काय लाड व्हय? लेकरानं बाटलीनं दूध पाजलेलं जनावर त्याच लेकराच्या हातानं खाटकाला द्यायचं, अन् त्याचे मार्क! असली कसली रं शाळा?

आमी बी बकरी विकतो, मी काय साधू न्हाई. पण कान कातरलेला बोकड आपल्या घरनं कधी बाजारात गेला न्हाई. तुला गोवर झालता तवा आईनं सोडलेला बोकड म्हातारा होऊन मेला. त्याच्या पाठीवर बसून हिंडायचास, इसरलास? शब्द पोरीनं दिलाय, मी कावून मोडू? तुला मोडवत असंल तर मोड, अन् मंग मला पत्र लिहू नकोस.

येळेवर जेवत जा. लई वाळलास म्हणं.

माया हाय म्हणूनच भांडणारी,
अक्का

क्लेअरविल
१ जून

ती. अक्कास सा. न.

काल लिलाव झाला. मीच दटावून वैष्णवीला बोकडासकट नेलं, तुझ्याशी खोटं बोलत नाही. बोली झाली, खाटकाचा माणूस दोरी घ्यायला आला, आणि पोरगी दोरी सोडेना. रडली नाही. सगळं गाव बाकांवर बसलेलं. बाईंनी मला पुढं बोलावलं, म्हणाल्या, पोरीला समजवा, असल्या अंधश्रद्धा शाळेत चालत नाहीत.

आणि लिलावाच्या आधी याच सगळ्यांनी टोप्या काढून, डोळे मिटून प्रार्थना केलेली, अक्का! त्यांचा तो देव, आपली ती अंधश्रद्धा. माझं टाळकंच सणकलं. रिंगणाचा कठडा ओलांडून आत गेलो, पोरीच्या हातावर हात ठेवून दोरी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत म्हणालो, "सोडू नको."

बोली रद्द झाली, विषय गेला. डॉक्टरकीचं काय, ते अजून सुचत नाही. बोकड गॅरेजात बांधलाय, शेजारीण तक्रार करणार म्हणते. करू दे.

गाडीत वैष्णवी मागं बोकडापाशी बसली आणि तेव्हा लई रडली. घरी आल्यावर एकच विचारलं, बाबा, मग मला तिथं नेलंतच का? मी बोकडापुढं पाला टाकायला गॅरेजात गेलो.

भांडत राहा,
तुझा परमेश्वर